गहू का आले नाहीत

माय, आमच्या शेजारच्या काकूंना गेल्या महिन्यात हार्ट अटॅक आला. आता घरी आल्या आहेत, बऱ्या आहेत. काल त्यांची मुलगी माझ्याकडे आली आणि दारातूनच विचारलं, "तुमच्या आईंनाही असंच झालं होतं ना? त्यानंतर त्या किती वर्षं होत्या?" मी म्हटलं, अकरा. तिचा चेहरा एकदम खुलला. मग तिला बसवून चहा दिला आणि तुझ्याबद्दल सांगत राहिले. तू रोज सकाळी पांझरेच्या पुलापर्यंत कशी चालत जायचीस, अळणी वरणाला कशी नावं ठेवायचीस, गल्लीतल्या सुनांना कशी धाकात ठेवायचीस, सगळं. जाताना ती म्हणाली, "तुम्ही आईंचं फार केलंत हो." मी नुसती हसले. ती गेल्यावर कपबशा विसळताना मात्र ते वाक्य टोचायला लागलं. तुझं केलं यात खोटं काही नाही. पण नेमकं काय काय केलं, ते तुला मी कधी पुरतं सांगितलं नाही. आयुष्यभर मास्तरकी केली, दुसऱ्यांच्या चुकांवर लाल शाईच्या रेघा मारल्या. स्वतःच्या चुकीवर रेघ मारायला मला एवढी वर्षं लागली, आता मारते.

गोष्ट शहाऐंशी-सत्त्याऐंशी सालची. तुझं वय साठीच्या जवळ, नाना जाऊन सहा-सात वर्षं झालेली. धुळ्यात एकाच गल्लीत तू आणि मी. तू वरच्या टोकाला तुझ्या दोन खोल्यांत, मी खालच्या टोकाला माझ्या संसारात. मी शाळेत शिकवायची, तुझे जावई एसटीत होते. आणि तू मांडे करायचीस. आता हे नव्या पोरींना समजावून सांगावं लागतं. खापर म्हणजे पालथ्या घागरीसारखं मातीचं मोठं भांडं, ते चुलीवर तापलेलं. आणि तू पुरण भरलेली कणीक दोन्ही हातांवर घेऊन, उलटसुलट फिरवत, कोपरापर्यंत पसरवत नेणार, इतकी की पलीकडचं माणूस दिसावं, आणि एका झोक्यात खापरावर टाकणार. सुरकुती पडायची नाही. लग्न असो, आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आलेल्या लेकी असोत, गल्लीतल्या आणि गल्लीबाहेरच्याही कितीतरी घरांचे मांडे तुझ्या हातचे. तुझ्या जोडीला अक्का, मधल्या घरातली. ती लाटून द्यायची, जाळ सांभाळायची, आणि तू हातावर घ्यायचीस. तीस वर्षं तुमची जोडी होती. आणि तुमची एक रीत होती. मांड्यांना बोलवायचं तर घरच्या बाईने स्वतः यायचं, पितळी वाटीत मूठभर गहू घेऊन. ज्या गव्हाचे मांडे व्हायचे, ते गहू. तू एक दाणा दाताखाली फोडायचीस, थोडा वेळ चघळायचीस, आणि वाटी ठेवून घेतलीस तर येणार, परत दिलीस तर गहू बदलून आण. वाटी आल्याशिवाय तू कुणाच्या चुलीपाशी गेली नाहीस, सख्ख्या नात्यातही नाही. बोलावल्याशिवाय जायचं नाही, ही तुझी ऐट होती.

त्या मार्गशीर्षात गल्लीतल्याच एका लग्नात तू सकाळपासून खापरापुढे होतीस. दुपारी तुझी पाठ दुखायला लागली, मग जबडा. घाम फुटला, मळमळलं. अक्काने पाठ चोळून दिली, कुणी ओवा दिला, कुणी लिंबाचं सरबत. मी शाळेतून आले तेव्हा तू भिंतीला टेकून बसली होतीस, चेहरा पांढराफटक. मी काय म्हटलं आठवतं? "सकाळपासून पोटात काही नाही, वर जाळापुढे बसतेस, पित्त होणार नाही तर काय होणार?" आणि पित्ताची गोळी दिली. तू ती मुकाट्याने घेतलीस, तेव्हाच मला कळायला हवं होतं. तू माझं काही मुकाट्याने ऐकणाऱ्यांतली नव्हतीस. दुसऱ्या दिवशी दुपारी अंगणात कोसळलीस. इस्पितळात डॉक्टरांनी ईसीजीच्या कागदी पट्टीवरच्या रेघा बघितल्या आणि म्हणाले, हा झटका कालचा आहे. "बायकांचं असं फार होतं. छातीवर हात धरून कोणी येत नाही. पाठ दुखते, मळमळतं, थकवा येतो, आणि घरचे पित्त म्हणून सोडून देतात." ते रागावून बोलले नव्हते. पण पित्ताची गोळी देणारा हात माझा होता, आणि तो मला पुढे कित्येक दिवस दिसत राहिला.

तुला पंधरा दिवसांनी सोडलं. मी तुला सरळ माझ्या घरी आणलं. शाळेत आम्ही वर्गांची वेळापत्रकं करायचो, तसं मी तुझं वेळापत्रक केलं आणि खाटेच्या वरच्या भिंतीवर चिकटवलं. सहाला उठणं, साडेसहाला गोळी, सातला अर्धा कप दूध, नऊपर्यंत पडून राहणं. मीठ बंद, तेल बंद, तिखट तर विचारूच नको. खानदेशातल्या बाईला मिरची बंद म्हणजे काय, हे मला आज कळतं. पायऱ्या नाहीत, दळण चाळणं नाही, वाकून झाडणं नाही, खाटेवरून ओरडून बोलणंही नाही. पहिल्या सहा आठवड्यांपुरतं ते बरोबरच होतं, डॉक्टरांनीच सांगितलं होतं. त्यांनी सांगितल्यापेक्षा मी दीडपट पाळत होते एवढंच. तू तेव्हा माझ्याकडे "भीक नको पण कुत्रं आवर" अशा नजरेने बघायचीस. मला त्याचा अभिमान वाटायचा. आईला डोळ्यांत तेल घालून सांभाळतेय म्हणून शाळेतल्या बाया माझं कौतुक करायच्या, आणि मी ते ऐकून घ्यायची.

आणि त्याच दिवसांत मी एक काम केलं. एका रविवारी तू झोपलेली असताना मी गल्लीत घरोघर गेले. एकही घर सोडलं नाही. प्रत्येकीला सांगितलं, मायकडे गहू घेऊन येऊ नका. वाटी दिसली की ती नाही म्हणणार नाही, आणि जाळापुढे बसली तर ती वाचणार नाही. शिवाय नुसतं भेटायलाही फार येऊ नका, तिला बोलण्याने दम लागतो. शेवटी अक्काकडे गेले. अक्का गोधडीला टाके घालत होती. तिने सुई थांबवली. "तीस वरीस दोन्ही जनी संगे बठतस आम्ही," ती म्हणाली. "आनि ती इचारी तं काय सांगू?" मी म्हटलं, "काही सांगू नका. तुम्ही आलातच नाही तर ती विचारणार कुणाला?" अक्काने गोधडी बाजूला सारली. मग मी जे बोलले ते आज लिहितानाही लाज वाटते. मी म्हटलं, "उद्या काही झालं तर ते तुमच्या डोक्यावर येईल, अक्का." त्यानंतर ती आमच्या दारावरून जातानासुद्धा पदर पुढे ओढून, खाली बघून जायची. तिला खोटं बोलता येत नव्हतं, म्हणून तिने तोंडच चुकवलं.

माघात तुला तपासायला नेलं. डॉक्टरांनी स्टेथोस्कोप लावला, पट्टी काढली, खूश झाले. तुला कंपाउंडर बाहेर बसवायला घेऊन गेला तेव्हा ते मला म्हणाले, "आता यांना उठवा. रोज थोडं चालू द्या, दर आठवड्याला थोडं वाढवा. घरातली हलकी कामं करू द्या. लोकांत जाऊ द्या. आधी जे करत होत्या ते हळूहळू, जमेल तेवढं." मी विचारलं, "मांडे?" ते धुळ्याचेच होते, त्यांना वेगळं सांगावं लागलं नाही. म्हणाले, "जाळापासून लांब, आणि दमायच्या आत थांबायचं. पण जाऊ द्या." मी मान डोलावली. बाहेर येऊन रिक्षात बसताना तू विचारलंस, काय म्हने डॉक्टर? मी म्हटलं, "अजून आराम करायला सांगितलाय." अतिशहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात. मी स्वतःला समजावलं, डॉक्टरांना सांगायला काय जातं, उद्या काही झालं तर मलाच बघायचं आहे.

मग चैत्र आला. आखाजी महिन्यावर आली. सगळ्या घरांत कुरडया-पापड वाळत होते, दारादारांत लेकींची वाट बघणं सुरू झालं होतं, आणि तू उंबऱ्याच्या आत, भिंतीला टेकून, रस्त्याकडे तोंड करून बसायचीस. दरवर्षी त्या दिवसांत तुझ्या कोनाड्यात आठ-दहा वाट्यांची रांग लागायची. मी शाळेतून यायची, चपला काढायची, आणि तू विचारायचीस, "कोनी उनं व्हतं का वं?" घरात दिवसभर तूच असायचीस, आणि विचारायचीस मला. जणू तुझ्या नजरेतून कुणी निसटून आलं असेल आणि मला कळलं असेल. मी म्हणायची, नाही गं. पहिल्यांदा तू चिडायचीस. मग चिडणं थांबलं. "अक्कानी दुसरी कोनी धरी व्हई," एकदा म्हणालीस, अगदी साध्या आवाजात. मग वेणी घालणं सोडलंस. जेवताना दोन घासांनंतर ताट सारायचीस, आणि मला वाटायचं, अळणी आहे म्हणून. एक दिवस मी चोरून वरणात मीठ घातलं, तरी सारलंस. मी म्हटलं, "अगं, खा ना, अंगात ताकद यायला नको का?" तू म्हणालीस, "ताकद कसाले? मरेल मानूसले कोन बलावस वं."

मी तेव्हाही तोंड उघडलं नाही. घाबरले मात्र, आणि दुसऱ्या दिवशी अर्ध्या रजेवर तुला डॉक्टरांकडे नेलं. वजन सात किलोंनी उतरलं होतं. पट्टी मात्र छान होती. डॉक्टर पट्टीकडे बघत, तुझ्याकडे बघत, पुन्हा पट्टीकडे. मग त्यांनी खुर्ची तुझ्याजवळ ओढली. तो प्रसंग माझ्यापुढे आत्ता घडतोय. ते विचारतात, "आजी, दिवसभर काय करता?" तू म्हणतेस, "बठी ऱ्हास." ते म्हणतात, "आणखी?" तू म्हणतेस, "वाट दखस." "कोणाची?" तू खिडकीकडे बघतेस आणि म्हणतेस, "ज्या येतस नही, त्यास्नी." डॉक्टर माझ्याकडे वळतात. "बाई, यांचं हृदय आता ठीक आहे. हे दुसरंच काहीतरी आहे. यांच्याकडे कोणी येत-जात नाही का? मी माघातच सांगितलं होतं ना, लोकांत जाऊ द्या म्हणून?" तू तेव्हा खरंच काही ऐकलं नाहीस, की ऐकून सोडून दिलंस, हे मला कधीच कळलं नाही. तू खिडकीबाहेरच बघत होतीस. मी मात्र पाचवीतल्या पोरीसारखी खाली मान घालून बसले.

त्याच संध्याकाळी अक्काकडे गेले. उंबऱ्यावरच रडू फुटलं. सगळं सांगितलं, माघातल्या परवानगीसकट. अक्का मला एक शब्दही वाकडा बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. "ऊठ," म्हणाली, "गहू दे." मी धावत घरी आले आणि डब्यातले गहू वाटीत घेऊन मागच्या दाराने तिच्याकडे पोचवले. मला कधी कणीक नीट तिंबता आली नाही, मी कसले गहू पारखणार? अक्काच्या डोळ्यांना तेव्हा मोतीबिंदू सुरू झाला होता, आणि उजेड उतरला होता. तिने वाटी घेतली, डोक्यावर पदर नीट केला आणि पुढच्या दाराने तुझ्यापुढे येऊन उभी राहिली. मी स्वयंपाकघराच्या दाराआड. तू तिच्याकडे नुसती बघत राहिलीस. मग हात पुढे केलास, दाणा घेतलास, दाताखाली फोडलास. चघळलास. आणि थुंकलास.

"राशनना शेत ह्या."

डब्यातले ते गहू रेशनचेच होते. अक्का गडबडली. म्हणाली, "आखाजीना शेत. मन्या पोरी येनार शेत."

"तीस वरीस मनासंगे बठनी, आनि तुले गहू वळखता येत नही?" तुझा आवाज चढला. पाच महिन्यांत पहिल्यांदा. "ह्यास्ना मांडा हातवर तरी ऱ्हाई का? कोपरपावत जावाना आधी फाटी. लई जाय परत. चांगला गहू सापडनात तं ये, नही तं येऊ नको." आणि तू वाटी तिच्या हातात अशी आपटलीस की चार दाणे जमिनीवर उडाले. मी आत कपाळावर हात मारून घेतला. म्हटलं, संपलं, मी होतं नव्हतं तेही घालवलं. अक्का निघून गेली तशी मी मागच्या दाराने तिच्यामागे पळाले, तर ती गल्लीच्या मध्यावर उभी राहून पदर तोंडाला लावून हसत होती. डोळ्यांत पाणी, आणि हसत होती. "रागावनी," ती म्हणाली. "रागावनी वं ती. आते जगनी." दुसऱ्या दिवशी ती नरडाण्याच्या बाजूला भाच्याकडे एसटीने जाऊन, उन्हातान्हात नवे गहू घेऊन आली. तू दाणा फोडलास, बराच वेळ चघळलास, आणि वाटी मागे कोनाड्यात ठेवलीस. रात्री जेवताना ताट सारलं नाहीस. वर मिरची मागितलीस, आणि मी चिमूटभर ठेचा वाढला. डॉक्टरांनी मला माफ करावं.

आखाजीच्या दिवशी तू स्वतः वेणी घातलीस. आपल्या घरापासून अक्काच्या घरापर्यंत दोनशे पावलं असतील, त्यांत तू दोनदा थांबलीस, एकदा कडुनिंबाखाली आणि एकदा उगीचच एका ओट्यावर, त्या घरची सून काय करते ते बघायचं निमित्त करून. मी मागून, मुठीत जिभेखाली ठेवायची गोळी धरून. घामाने ती गोळी विरघळायला लागली होती. ठरलं असं होतं की तू जाळापासून लांब बसायचं, कणीक बघायची, आणि फार तर पाच मांडे हातावर घ्यायचे. खापरावर टाकायचं काम अक्काच्या थोरल्या लेकीचं. तू अकरा केलेस. सहाव्याला मी पुढे सरसावले तशी तू माझ्याकडे न बघता म्हणालीस, "उभी काय ऱ्हायनी? लाट." मी मुकाट्याने पोळपाटापुढे बसले. माझा पहिलाच मांडा अक्काच्या लेकीने हातावर घेतला आणि त्याला मध्ये एवढं मोठं भोक पडलं. तू तो उचलून उजेडात धरलास. "हाऊ मांडा शे का फाटेल रुमाल?" आणि हसलीस. सगळ्या बाया हसल्या. मला जन्मात कुणाच्या हसण्याने इतका आनंद झाला नाही. अकरावा झाल्यावर तू स्वतःच हात झटकलेस, म्हणालीस, बस. आणि भिंतीला टेकून, वाटीत आमरस घेऊन, डॉक्टरांनी सांगितल्यापेक्षा निश्चितच जास्त साखर असलेला, निवांत खात बसलीस.

पुढची वर्षं काही देवळातल्या कीर्तनात सांगतात तशी सरळ गोड नव्हती, हेही त्या शेजारच्या पोरीला मी सांगितलं. जिना चढताना तू थांबायचीस. थंडीत छाती जड व्हायची आणि तू घाबरायचीस. मग माझा हात धरून बसायचीस आणि कुणालाही सांगू नको म्हणायचीस. दोनदा पुन्हा इस्पितळात राहिलीस. पण मधले दिवस तुझे होते. तू तुझ्या दोन खोल्यांत परत राहायला गेलीस, माझ्याशी भांडून. भिंतीवरचं वेळापत्रक जाताना सोबत नेलंस आणि त्याच्या पाठीवर कुणाकडून कधी वाटी आली ते लिहून घ्यायला मला लावलंस. सकाळी पुलापर्यंत चालायला तू आणि अक्का निघायचात. वर्षभरात गल्लीतल्या पाच-सहा म्हाताऱ्या तुमच्या मागे लागल्या. कुणाचे गुडघे, कुणाची साखर, आणि बोलणं सगळ्यांचं एकदम. पिंपळनेरला नात्यातल्या लग्नात तुला बोलावलं तेव्हा तू खापराजवळ लोखंडी खुर्ची मागितलीस. मांडे करणारी बाई खुर्चीवर? बाया पदराआड हसल्या. तू खुर्चीवर बसून कणकेला बोट लावायचीस, पोरींचे हात धरून कोपर कुठे ठेवायचं ते दाखवायचीस, आणि दोन-चार मांडे स्वतः घेऊन दाखवायचीस. तासाभराने तिथल्या दोन म्हाताऱ्यांनीही खुर्च्या मागवल्या. चाळीसगावला, शिंदखेड्याला, पुढे पुढे तू मांडे करायला नाही, मांडे शिकवायला जायचीस. या गल्लीत आज ज्यांना मांडे येतात त्या सगळ्या तुझ्या बोलण्यातून गेलेल्या आहेत. मी तेवढी कोरी राहिले.

पण एक गोष्ट तशीच राहिली. त्या आखाजीला, सगळं आवरल्यावर, तू अक्काला विचारलंस, "पाच महिना कथी व्हती तू?" मी तिथेच परात घासत होते. माझे हात थांबले. अक्काने माझ्याकडे एकदा बघितलं आणि म्हणाली, "मनं चुकनं." माझं चुकलं, बस. पुढे दहा वर्षं तू तिला त्यावरून बोलायचीस. थट्टेत, पण बोलायचीस. दुखण्यात तोंड फिरवणारी, म्हणायचीस, आणि अक्का हसून घ्यायची. मी एकदा तिला म्हटलं, आता मी मायला सांगून टाकते. ती म्हणाली, "काही सांगू नको. बोलस तं बोलू दे. बोलाले ताकद लागस, ती उनी शे ना तिले." मला ते सोयीचंच होतं. तू सत्त्याण्णवला, चहा पिऊन कप खाली ठेवताना गेलीस. अक्का त्यानंतर चार वर्षं होती. तुझ्या तेराव्याला ती एकटीच खापरापुढे बसली आणि तिने माझ्याकडून लाटून घेतलं.

तर गहू का आले नाहीत, ते तुला आता कळलं. मी थांबवले होते. अक्काने नाही, गल्लीने नाही, तुझ्या दुखण्याने नाही. त्या शेजारच्या पोरीला मी एवढंही सांगितलं नाही. तिला म्हटलं, आईला उठू दे, चालू दे, आणि तिच्याकडे येणाऱ्या माणसांना अडवू नकोस. ती म्हणाली, भीती वाटते हो. मी म्हटलं, वाटणारच.

आणि मला वाटत होती ती नुसती भीती नव्हती, माय. हे मी स्वतःशीही कधी बोलले नव्हते. लहानपणी लग्नसराईत मी शाळेतून यायची तेव्हा तू कुणाच्या तरी खापरापुढे असायचीस. मी दाराची कडी काढायची आणि रिकाम्या घरात बसायची, तू येईपर्यंत. त्या पाच महिन्यांत मी शाळेतून यायची आणि दार तू उघडायचीस. रोज. चाळिशीला आलेली, दोन पोरांची आई, गल्लीच्या कोपऱ्यावर आले की माझी पावलं आपोआप भराभर पडायची. माघात डॉक्टरांनी जाऊ द्या म्हटलं, तेव्हा माझ्या मनात पहिल्यांदा जे आलं ते हे, की आता दार कोण उघडणार. तू डोळ्यांदेखत वाळत होतीस आणि मला तू घरी हवी होतीस.

आखाजीनंतर जूनमध्ये शाळा उघडली. पहिल्या दिवशी दुपारी घरी आले, तर दाराला बाहेरून कडी. तू तेव्हा अजून माझ्याकडेच होतीस, पण एका लग्नघरी मांड्यांना गेली होतीस. पोळपाटावर वाटी ठेवली होतीस, मला कळावं म्हणून. मी आत जाऊन मोठ्याने रडले. मग तोंड धुतलं, चहा केला, प्याले आणि ओट्यावर येऊन बसले. तू साडेसहाला आलीस, अक्काच्या खांद्यावर हात ठेवून, पीठ लागलेल्या कपाळाने, दमलेली आणि भलतीच खूश. माझ्याकडे बघून विचारलंस, डोळे लाल काबं? मी म्हटलं, खडू गेला डोळ्यात. शाळेचा पहिला दिवस होता माय, खडूचा डबा आम्ही अजून उघडलाही नव्हता.